गोळी एकाची, काम सगळ्यांचं

सांगोल्यात आमच्या वस्तीतली एक मावशी डाळिंबाच्या बागेत मजुरीला जाते. तिच्या मालकांना टीबी निघाला. पहाटे पाणी भरायचं, भाकरी थापायच्या, मालकांना गोळ्या द्यायच्या आणि टोळीची गाडी यायच्या आत चौकात उभं राहायचं. दोन महिने तिनं हे सगळं एकटीनं ओढलं. तिसऱ्या महिन्यात मालकांचा खोकला थांबला, अंगावर थोडं मांस आलं. मावशीला वाटलं, आता ते आपले आपण घेत असतील. मुलाला वाटलं, आई देत असेल. एक दिवस मी गोळ्यांची पाकिटं मोजली. नऊ दिवसांच्या गोळ्या तशाच होत्या.

सगळे मावशीवर तुटून पडले. मी विचारलं, "गोळ्या द्यायचं काम कुणाचं ठरलं होतं?" कुणीच बोललं नाही. काम सगळ्यांचं म्हटलं आणि नाव कुणाचंच घेतलं नाही, की ते एका बाईच्या डोक्यावर पडतं, नाहीतर राहून जातं.

साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या, तर उरलेले जंतू पुन्हा डोकं वर काढतात आणि त्याच औषधांना दाद देईनासे होतात. मग उपचार लांबतो, औषधंही जास्त त्रासाची लागतात. गोळ्या चुकल्याच, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका. न लपवता दवाखान्यात सांगा.

वॉर्डात आम्ही नर्स ड्यूटी संपली म्हणून पर्स उचलून निघत नाही. पुढच्या पाळीच्या सिस्टरला खाटेखाटेपाशी नेऊन सांगतो : याला काय दिलं, काय राहिलं, कशावर लक्ष ठेवायचं. ते रजिस्टरमध्ये लिहितो. दिवसात तीन वेळा सिस्टर बदलते, पण औषध चुकू द्यायचं नसतं. बागेत मावशीच्या टोळीचंही तेच. कुणी फळ तोडायचं, कुणी क्रेट वाहायचे, कुणी माल निवडायचा, हे आधी ठरतं. ही रीत आपण घराच्या उंबऱ्याबाहेरच ठेवतो.

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू हगवणीनं आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडला होता. इतर भिक्खू त्याच्याकडे बघत नव्हते. तथागतांनी आनंदांना पाणी आणायला लावलं. तथागतांनी पाणी ओतलं, आनंदांनी अंग धुतलं. मग एकानं डोक्याकडून, एकानं पायाकडून उचलून त्याला मंचावर निजवलं. पुढे संघाला बोलावून नियम घालून दिला : आजाऱ्याचे गुरू असतील तर त्यांनी सेवा करावी, शिष्य असेल तर त्यानं करावी, कुणीच नसेल तर संघानं करावी. नुसती 'करुणा ठेवा' एवढ्यावर भागवलं नाही. स्वतः निम्मं काम उचललं आणि उरलेलं नेमून दिलं.

आपल्या घरातही तसंच नेमून द्या :

रोजची गोळी : एकानं समोर बसून द्यायची आणि वहीत तारखेपुढे खूण करायची. तो गावाला गेला तर कोण, हेही आधीच ठरवा.

दवाखाना : थुंकीची तपासणी, वजन आणि संपायच्या आत गोळ्या आणणं दुसऱ्याकडे. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत.

आहार : निक्षय पोषण योजनेचे महिन्याला 1,000 रुपये रुग्णाच्या बँक खात्यात येतात. पासबुक कोण बघणार, अंडी, डाळ, मटकी, शेंगदाणे कोण आणणार, ते ठरवा.

घरचे सगळे : प्रत्येकाची तपासणी करून घ्या. पाच वर्षांखालच्या लेकरांना आधी न्या.

रुग्णाचं काम : खोकताना तोंडावर रुमाल धरायचा आणि त्रास लपवायचा नाही. लघवी तांबूस झाली तर घाबरू नका, ते औषधामुळे होतं. डोळे पिवळे झाले किंवा उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

कामावर : टोळीतल्या एका तरी विश्वासातल्या बाईला सांगा. दवाखान्याच्या दिवशी तुमची ओळ ती धरेल, तिच्या अडचणीत तुम्ही धरा.

आणि रुग्णाचं ताट-पेला वेगळा काढू नका. टीबी हवेतून पसरतो, ताटातून नाही. वेगळ्या पेल्याचा अर्थ काय, हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको.

मावशीच्या घरी आम्ही दवाखान्यात जाऊन झालेली चूक सांगितली आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं उपचार पुढे चालू केला. गोळीचं काम मुलानं घेतलं, दवाखान्याचं दिरानं. मावशीकडे फक्त जेवण राहिलं. एका रात्री सगळे जेवायला बसले असताना धाकटी वही घेऊन आली आणि ओरडली, "दादा, आजची खूण कुठाय?" दादा ताटावरून उठला, आधी गोळी दिली, मग जेवला.

त्या रात्री गोळीची आठवण मावशीला करावी लागली नाही.

जय भीम!