पाटीवर डिग्री असते, कारवाई नसते

रिद्धपूरचा माणूस साधं दुखणं गावातच दाखवतो. जरा वाढलं की मोर्शी किंवा चांदूर बाजार, आणि मोठं काही निघालं तर अमरावती. डॉक्टर निवडायची रीतही ठरलेली: पाहुण्यांनी सांगितलं, मेडिकलवाल्याने नाव सुचवलं, शेजारणीला तिथेच गुण आला. या डॉक्टरची नोंदणी आज चालू आहे का, त्याच्यावर कधी कारवाई झाली का, हे यातलं कोणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्यालाही ते ठाऊक नसतं. आणि विचारायचं कसं? ताप अंगात, केसपेपर हातात, अशा वेळी "तुमचं लायसन चालू हाये का?" असं कोण डॉक्टरले इचारन?

नियमाने पाहिलं तर विचारायची वेळच येऊ नये. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचाराचे २००२चे नियम सांगतात की, राज्याच्या वैद्यक परिषदेने दिलेला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा आणि चिठ्ठी, दाखला, पावती अशा प्रत्येक कागदावर छापायचा. याच नियमांत पुढे एक वाक्य आहे, ते फारसं कोणाच्या वाचनात आलेलं नसतं. एखाद्या डॉक्टरचं नाव नोंदवहीतून काढलं तर त्याला स्थानिक वर्तमानपत्रांतून मोठी प्रसिद्धी द्यावी, असं ते वाक्य आहे. २०२३मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम आणले आणि तीन आठवड्यांच्या आत स्थगितही केले. त्यामुळे २००२चेच नियम लागू राहिले, ते प्रसिद्धीचं वाक्यही. आता वाचकांनीच आठवून पाहावं: आपल्या जिल्ह्याच्या पेपरात अशी जाहीर सूचना शेवटची कधी वाचली? जमिनीच्या व्यवहाराची 'जाहीर नोटीस' मात्र रोज छापून येते.

माहिती दाराशी नसली की काय होतं, ते परळी वैजनाथने दाखवलं. मे २०१२मध्ये तिथल्या डॉ. सुदाम मुंडे यांच्या रुग्णालयात गर्भपाताच्या वेळी एका महिलेचा मृत्यू झाला आणि गर्भलिंगनिदानाचं प्रकरण राज्यभर गाजलं. फेब्रुवारी २०१९मध्ये बीडच्या न्यायालयाने डॉ. मुंडे आणि त्यांच्या पत्नीला दहा वर्षांची शिक्षा सुनावली. पुढे मुंडे यांना जामीन झाला, पण वैद्यकीय व्यवसाय करायचा नाही या अटीवर. सप्टेंबर २०२०मध्ये आरोग्य विभागाच्या पथकाने छापा घातला तेव्हा मुंडे पुन्हा पेशंट तपासताना सापडले. इतकं नाव गाजलेल्या माणसाचं हे, तर ज्यांची बातमीच झाली नाही त्यांचं कोणाला काय कळणार? गर्भलिंगनिदान कायद्यात दोषी ठरलेल्या डॉक्टरचं नाव पहिल्या वेळी पाच वर्षांसाठी आणि पुन्हा दोषी ठरल्यास कायमचं काढण्याची तरतूद आहे. पण नाव काढल्याची माहिती पेशंटपर्यंत पोचवायची कोणी, याचं उत्तर व्यवहारात कोणाकडे नाही.

देशाबाहेर यावर बराच विचार झालेला आहे. ब्रिटनमध्ये जनरल मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत डॉक्टरचं नाव टाकलं की निलंबन, घातलेल्या अटी, दिलेली ताकीद, सगळं दिसतं. कॅलिफोर्निया त्याही पुढे गेलं. लैंगिक गैरवर्तन, नशा किंवा पेशंटला इजा होईल असा गुन्हा यांसारख्या गंभीर कारणांसाठी तिथल्या वैद्यकीय मंडळाच्या देखरेखीखाली असलेल्या डॉक्टरने, पहिल्या तपासणीआधी पेशंटला ते लेखी सांगून त्याची सही घ्यायची, असा कायदा तिथे १ जुलै २०१९पासून लागू आहे. शोधायचं काम पेशंटवर टाकलेलं नाही, सांगायचं काम डॉक्टरवर टाकलं आहे. मला यातलं मर्म हेच वाटतं.

महाराष्ट्र वैद्यक परिषदेने २०२५मध्ये 'नो युवर डॉक्टर' हा क्यूआर कोड आणला. दवाखान्यात लावलेला कोड मोबाईलने स्कॅन केला की नाव, पदवी आणि नोंदणी चालू आहे की नाही ते कळतं. पाऊल चांगलं आहे. पण नाव ज्याचं काढून टाकलंय तो आपल्या भिंतीवर कोड लावेल कशाला? शिवाय ही परिषद मुळात एमबीबीएस आणि त्यापुढच्या डॉक्टरांची. खेड्यापाड्यात गाठ पडते ती बहुतेक बीएएमएस आणि बीएचएमएस डॉक्टरांशी. आयुर्वेदवाल्यांची नोंद महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे, होमिओपॅथीची आणखी वेगळ्या परिषदेकडे. म्हणजे आधी पाटीवरची डिग्री वाचा, मग कोणत्या दारात चौकशी करायची ते ठरवा.

डॉक्टरांचं म्हणणंही खोटं नाही. बिलाच्या भांडणातून, मृत्यूच्या दुःखातून तक्रारी होतात आणि त्यातल्या पुष्कळ टिकत नाहीत. तक्रार झाली म्हणून कोणाचं नाव चव्हाट्यावर मांडणं अन्यायच ठरेल. पण चौकशी होऊन आदेश निघाला, तो अंमलात असला, तर मात्र ती डॉक्टरची खासगी बाब उरत नाही. अपिलात स्थगिती मिळाली असेल तर तेही आदेशासोबतच लिहावं.

चक्रधरस्वामींच्या आठवणींच्या लीळाचरित्र या ग्रंथासाठी म्हाइंभटांनी प्रत्येक आठवण, ज्याने ती पाहिली-ऐकली त्या माणसाला गाठून विचारून घेतली. त्या ग्रंथाशी रिद्धपूरचं नाव जोडलेलं आहे, तेव्हा चौकशी करण्यात या गावाला तरी संकोच नसावा. पुढच्या वेळी चिठ्ठी हातात आली की तळाचा नोंदणी क्रमांक पाहा. नसेल तर काउंटरवर मागा. त्या-त्या परिषदेच्या संकेतस्थळावर तो घरातल्या शिकलेल्या पोराकडून तपासून घ्या. कारवाईचे आदेश तिथे सापडले नाहीत, तर माहिती अधिकारात परिषदेकडे अर्ज करा. आणि परिषदांनी २००२पासून लिहून ठेवलेलं ते एक वाक्य पाळावं: नाव काढलं, की त्या जिल्ह्याच्या पेपरात छापावं.