एकाच पाण्याकडे बघणारी दोन माणसं

बारामती तालुक्यात नीरा डाव्या कालव्याच्या कडेने ऊस लागतो, आणि सुप्याकडे वळलं की मयूरेश्वर अभयारण्याचं कुसळी माळरान, चिंकारा चरणारं. कथा लिहिणाऱ्याला हा विरोध आयता मिळतो, म्हणूनच तो फसवा. बागायतदार माजलेला, जिरायतदार सोशिक, अशी जमिनीच्या रंगावरून माणसं पाडली की कथा पहिल्या पानावरच संपते.

सध्या माझ्या हातात इंदापूरची कथा आहे. भीमेवरचं उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं. त्यात जमीन गेलेला म्हातारा मी पाण्याच्या अगदी काठावर बसवलाय. समोर नजर पोचेल तिथवर पाणी, आणि हा गडी सुनेला अर्धा तांब्या सांडल्याबद्दल बोलतो. शेजारी फुगवट्यात मोटार टाकून ऊस घेतो, हा कोरड्या ज्वारीवर अडून बसलेला. त्याचा हेका मला समजावून सांगायचा नाही. तांब्या पुरेसा आहे.

नातू भिगवणच्या बाजारात मासळी घालतो. त्याला पाणी आवडतं, आणि ते त्याच्याकडून काढून घ्यायचं नाही, हे मी ठरवलंय. मे महिन्यात पाणी ओसरतं, बुडालेल्या पळसनाथाच्या देवळाचं शिखर उघडं पडतं, लोक होडीने फोटो काढायला जातात. म्हातारा शिखरावरून माप घेतो :

“देवळाच्या खालती तिसऱ्या तालीला आपली हीर.”

“आबा, तितंच चिलापी गावती.”

दोघंही खरं बोलतात. यात एकाला शहाणा आणि दुसऱ्याला उथळ केलं, तर प्रसंग मेला. देवळाचं वर्णन मी दोन ओळींवर आणलं. कोरीव काम रंगवत बसलो असतो तर ही दोन वाक्यं ऐकू आली नसती. (देऊळ सुंदर आहे, हात शिवशिवतो.)

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त, 1955 सालच्या, कोवळा मास्तर आणि मुरलेला कारभारी समोरासमोर येतात. मास्तराला अक्षर कळतं, कारभाऱ्याला माणूस. एकाला उंच दाखवायला दुसऱ्याला खुजं केलेलं नाही.

धरणात गेलेल्या गावांचं दुःख मराठीत लिहिलं गेलंय. त्याच पाण्यावर पोट भरणाऱ्या नातवाच्या बाजूची कथा मला फारशी भेटलेली नाही. इंदापूर-भिगवणकडच्या कुणी ती लिहावी. माझ्यापेक्षा ती त्याला जास्त साधेल.