चुकीवर चालणारी मोटर
कारखान्यातील यंत्राचे टेबल नेमके 20 मिलिमीटर सरकवायचे आहे. सर्व्हो मोटरच्या एका फेऱ्यात ते 5 मिलिमीटर सरकते आणि दांड्यावरील चकती फेऱ्यामागे 1000 स्पंद पाठवते. म्हणजे एक स्पंद 0.005 मिलिमीटरचा! नियंत्रक स्पंद मोजून उरलेले अंतर, म्हणजेच ‘चूक’, काढतो व त्या प्रमाणात जोर लावतो.

पण तेवढ्याने भागत नाही. चूक शून्य झाली तरी वेगातले टेबल पुढेच जाते. मग मागे, पुन्हा पुढे. (झोपाळा आठवा.)

जहाजाच्या स्वयंचलित सुकाणूविषयी निकोलस मिनोर्स्की यांनी 1922 मध्ये याचा उलगडा केला. सुकाणू धरणारा कसलेला खलाशी जहाज किती वेगाने वळते हेही पाहतो आणि दिशा साधण्यापूर्वीच सुकाणू उलटे फिरवतो. सर्व्हो नियंत्रकही चूक किती झपाट्याने घटते ते पाहून आधीच उलटा जोर लावतो.