तंत्रिकारोध, खांद्याच्या शस्त्रक्रियेतील

खांद्याकडून मेंदूकडे वेदना वाहून नेणाऱ्या तंत्रिकांच्या (मज्जातंतूंच्या) भोवती स्थानिक संवेदनाहारक औषध टोचून त्यांचे संदेशवहन काही तासांपुरते थांबविण्याच्या उपायास खांद्याचा तंत्रिकारोध म्हणतात. शस्त्रक्रियेच्या वेळी तो बहुधा शुद्धिहरणास (भूल देण्यास) पूरक म्हणून व क्वचित त्याऐवजी वापरतात [⟶ शुद्धिहरण]; तथापि त्याचा मुख्य लाभ शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही तासांत मिळतो. हा लाभ मुदतीचा असतो. रोध उतरल्यावर वेदना परत येतात आणि त्या वेळी रुग्ण कित्येकदा आपल्या गावी पोहोचलेला असतो. म्हणून रोध कुशलतेने देणे जितके महत्त्वाचे, तितकीच तो उतरण्याच्या वेळेची आगाऊ तरतूदही महत्त्वाची ठरते.

आवश्यकता : खांद्याच्या सांध्याचे आवरण, अस्थींवरील पटल व भोवतालचे स्नायू यांत संवेदी तंत्रिकांची विपुलता असल्याने येथील शस्त्रक्रियेनंतरच्या वेदना तीव्र असतात. आडवे झाल्यावर त्या वाढतात व झोप अशक्य होते. सातारा व सांगली जिल्ह्यांत ऊसशेती व कुस्ती ही दोन्ही खांद्यावर ताण आणणारी आहेत. उसाच्या मोळ्या उचलणे व वाहनात चढविणे, तालमीतील डावपेच आणि दुचाकीवरील अपघात यांमुळे खांदा निखळणे, त्याभोवतीच्या कंडरा फाटणे किंवा दंडाच्या हाडाचे वरचे टोक मोडणे असे प्रकार घडतात. वारंवार निखळणारा सांधा किंवा फाटलेली कंडरा शिवण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागते.

अशा वेदनांवर मॉर्फिनासारखी अफूजन्य औषधे प्रभावी असली, तरी मळमळ, गुंगी व श्वसनमांद्य हे त्यांचे दोष आहेत. शिवाय १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यामुळे त्यांचा साठा व वापर काटेकोर नियंत्रणाखाली आला. २०१४ च्या दुरुस्तीने वैद्यकीय वापरासाठीचे नियम काहीसे सुलभ झाले. लहान रुग्णालयांच्या दृष्टीने तंत्रिकारोधाचे मोल यामुळेही वाढते.

शारीर : मानेतील पाचवी ते आठवी ग्रैव तंत्रिका व पहिली वक्षीय तंत्रिका यांच्या मुळांपासून बाहुजाल तयार होते. ही मुळे मानेच्या बाजूस पुढील व मधल्या स्केलीन स्नायूंच्या फटीतून बाहेर पडतात. खांद्याच्या संवेदना प्रामुख्याने पाचव्या व सहाव्या ग्रैव तंत्रिकांतून जातात. सांध्याचा बहुतेक भाग त्यांच्या दोन शाखांकडे असतो : खांद्याच्या पात्याच्या वरच्या खाचेतून जाणारी अंसफलकोर्ध्व तंत्रिका आणि काखेतून दंडास वळसा घालणारी कक्षा तंत्रिका. श्वसनाचा प्रमुख स्नायू असलेल्या मध्यपटलाची तंत्रिका तिसऱ्या ते पाचव्या ग्रैव तंत्रिकांपासून निघून पुढील स्केलीन स्नायूवरूनच खाली उतरते. वेदनेचा व श्वसनाचा मार्ग येथे इतके निकट असल्यानेच हा रोध प्रभावी असूनही जोखमीचा होतो.

इतिहास : कार्ल कोलर (१८५७–१९४४) यांनी १८८४ मध्ये कोकेनाने डोळा बधिर करता येतो असे दाखविले. त्यानंतर लवकरच अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड (१८५२–१९२२) यांनी मानेतील बाहुजाल उघडे करून त्यावर कोकेनाचा प्रयोग केला. या प्रयोगांच्या ओघात ते स्वतः कोकेनाच्या व्यसनात सापडले. त्वचेतून सुई घालून, काखेतून (हिर्शेल) व गळपट्टीच्या हाडाच्या वरून (कुलेनकाम्फ), बाहुजालाचा रोध करण्याच्या पद्धती जर्मनीत १९११ मध्ये प्रसिद्ध झाल्या. खांद्यासाठी विशेष उपयुक्त असा स्केलीन स्नायूंमधील रोध ॲलन विनी यांनी १९७० मध्ये सुटसुटीत स्वरूपात मांडला. पुढे विद्युत् उद्दीपकाने स्नायूचे आकुंचन पाहून व १९९० नंतरच्या दशकापासून श्राव्यातीत ध्वनीच्या चित्रावर तंत्रिका व सुईचे टोक प्रत्यक्ष पाहून औषध देणे शक्य झाले.

औषधे व कार्य : संवेदनाहारक औषध तंत्रिकातंतूच्या पटलातील सोडियम आयनांचे मार्ग बंद करते, त्यामुळे विद्युत् संदेश पुढे सरकत नाही. लिडोकेनाचा प्रभाव काही तासच टिकतो. ब्युपिव्हाकेन व रोपिव्हाकेन यांचा सामान्यतः १० ते १८ तास. डेक्सामेथासोन जोडल्यास काळ वाढतो. रोध दोन-तीन दिवस टिकवावयाचा असल्यास तंत्रिकेजवळ बारीक नळी ठेवून औषध सावकाश सोडतात. मात्र नळी सरकणे, औषध गळणे यांकडे लक्ष देणारी व्यवस्था त्यासाठी हवी.

प्रकारांची निवड : स्केलीन स्नायूंमधील रोध सर्वांत परिणामकारक आहे; पण त्यात त्याच बाजूचे मध्यपटल दुर्बल होते. टोराँटो येथील २००८ सालच्या अभ्यासात २० मिलि. औषध दिलेल्या सर्व रुग्णांत, तर ५ मिलि. दिलेल्यांपैकी ४५ टक्के रुग्णांत हे आढळले. निरोगी व्यक्तीस त्याचा त्रास सहसा जाणवत नाही. परंतु फुप्फुसांची क्षमता सु. एक-चतुर्थांशाने घटत असल्याने जुनाट श्वासविकाराच्या रुग्णास तो धोकादायक ठरू शकतो. बिडी ओढणारे पुरुष व वर्षानुवर्षे चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या स्त्रिया यांच्या बाबतीत हा विचार आधी करावा लागतो. अशा वेळी अंसफलकोर्ध्व व कक्षा तंत्रिकांचाच रोध करतात. वेदनाशमन किंचित कमी मिळते, पण श्वसन बहुतांशी अबाधित राहते. दुसऱ्या बाजूचे मध्यपटल आधीच निकामी असल्यास स्केलीन रोध वर्ज्य आहे. टोचण्याच्या जागी जंतुसंसर्ग असल्यास रोध देत नाहीत. रक्त गोठण्यात दोष असल्यास तो टाळतात किंवा विशेष विचार करूनच देतात.

उपद्रव : पापणी खाली येणे व बाहुली लहान होणे (हॉर्नर लक्षणसमूह) आणि आवाज घोगरा होणे हे परिणाम रोधाबरोबरच नाहीसे होतात. तंत्रिकेची कायमची इजा विरळा होते. औषध रक्तवाहिनीत गेल्यास कानांत आवाज, जिभेस बधिरता, झटके व हृदयक्रिया बंद पडणे असे गंभीर परिणाम होऊ शकतात. यासाठी मात्रा वजनानुसार ठरवितात : ब्युपिव्हाकेन प्रति किग्रॅ. २ मिग्रॅ. धरल्यास ६० किग्रॅ. वजनाच्या रुग्णास १२० मिग्रॅ., म्हणजे ०.५ टक्के विद्रावाचे २४ मिलि. २० टक्के मेद पायस हा विषबाधेवरील उतारा जवळ असणे आवश्यक मानतात.

रोध उतरताना : सकाळी दहा वाजता दिलेला रोध रात्री आठ ते पहाटे चारच्या दरम्यान उतरतो. या वेळी वेदना एकाएकी व पूर्ण तीव्रतेने येतात. सांगली जिल्ह्यात मिरज येथे विल्यम वॉनलेस (१८६५–१९३३) यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारले व १९६२ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. सातारा जिल्ह्यात कराड येथे १९८४ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय निघाले. जत, आटपाडी, माण वा पाटण या तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवरून अशा केंद्रांत आलेला रुग्ण घरी परतल्यावर मध्यरात्री जवळपास औषधाचे दुकानही उघडे नसते. म्हणून हात बधिर असतानाच पॅरासिटामॉल व, मूत्रपिंडाचा वा जठरव्रणाचा विकार नसल्यास, शोथरोधक औषध ठरावीक वेळी सुरू करून रात्रीची मात्रा चुकू न देणे आवश्यक असते. वेदना येण्याची वाट पाहून औषध घेतल्यास ते उशिरा लागू पडते.

बधिर हातास उष्णता, दाब वा जखम कळत नाही. तो झोळीत ठेवावा, चूल व गरम भांडी यांपासून दूर राखावा व वाहन चालवू नये. डोके व पाठ उंच ठेवून झोपल्यास वेदना व श्वासाचा त्रास दोन्ही कमी होतात. दम लागणे, छातीत दुखणे किंवा दीड दिवसानंतरही बधिरता कायम राहणे ही तत्काळ रुग्णालयाशी संपर्क साधण्याची लक्षणे होत. या सूचना नातेवाईकास समजतील अशा मराठीत, रोध उतरण्याच्या अपेक्षित वेळेसह, लिहून देणे हा उपचाराचाच भाग समजावा.