कुवेतचे युद्ध आणि थकलेले कर्ज

आखातातील १९९०-९१ च्या युद्धाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले-बोलले गेले. कोणी ते सद्दाम हुसेन यांच्या महत्त्वाकांक्षेचे युद्ध म्हटले, तर कोणी अमेरिकेच्या तेलाच्या भुकेचे. दोन्हींत तथ्य आहे. परंतु २ ऑगस्ट १९९० च्या पहाटे इराकी रणगाडे कुवेतमध्ये शिरले, त्याआधीच्या काही महिन्यांचा जमाखर्च मांडून पाहिला तर वेगळेच चित्र दिसते. एक कर्जबाजारी देश, त्याचा सधन सावकार आणि दोघांच्याही दुकानात एकच माल. कोणत्याही पेठेतील व्यापाऱ्याला पुढचा प्रकार सांगावा लागणार नाही.

इराकने १९८० साली इराणशी युद्ध सुरू केले तेव्हा त्याच्याकडे सुमारे ३५ अब्ज डॉलरची गंगाजळी होती. आठ वर्षांनी, १९८८ मध्ये तोफा थंडावल्या तेव्हा ती संपली होती आणि डोक्यावर सुमारे ८० अब्ज डॉलरचे कर्ज उभे होते. यातील मोठा भाग सौदी अरेबिया, कुवेत आणि इतर आखाती देशांचा. कुवेतची रक्कम १० अब्जांच्या घरात होती. इराकचे म्हणणे असे की, आम्ही इराणशी लढून तुमचेही रक्षण केले, मग हे पैसे कर्ज कसले? कुवेतने मात्र ते खात्यावरून पुसण्यास नकार दिला. येणे बाकी खात्यावर आहे तोवर नवा सावकार उधार देताना हात आखडता घेतो, हे इराकचे खरे दुखणे होते.

कर्ज फेडायचे तर मिळकत हवी, आणि इराकची मिळकत म्हणजे जवळजवळ केवळ तेल. रोजची निर्यात सुमारे २७ लाख बॅरल धरली तर वर्षाला सुमारे १ अब्ज बॅरल होतात. म्हणजे बॅरलमागे १ डॉलर भाव उतरला की इराकच्या तिजोरीत वर्षाला १ अब्ज डॉलर कमी. मे १९९० मध्ये बगदादला भरलेल्या अरब शिखर परिषदेत सद्दाम हुसेन यांनी हाच हिशेब बोलून दाखवला आणि हे एक प्रकारचे युद्धच आहे असे बजावले. वर्षाच्या प्रारंभी २० डॉलरच्या आसपास असलेला भाव जूनपर्यंत १४ डॉलरच्या जवळ घसरला होता.

भाव का घसरला? तेल निर्यातदार देशांच्या ओपेक या संघटनेने प्रत्येक सभासदाला उत्पादनाचा कोटा ठरवून दिला होता. कुवेतचा कोटा रोजी १५ लाख बॅरल होता, पण उत्पादन २० लाखांच्या आसपास चालले होते. संयुक्त अरब अमिरातीचेही तेच. बाजारात माल जास्त, साहजिकच भाव कमी.

येथे कुवेतची बाजू समजून घेतली पाहिजे, कारण ती निव्वळ हट्टाची नव्हती. कुवेतने तेलाचा पैसा वर्षानुवर्षे परदेशी कंपन्यांचे भाग, मालमत्ता आणि रोखे यांत गुंतवला होता. १९८० च्या दशकात काही वर्षे तर या गुंतवणुकीचे उत्पन्न तेलाच्या उत्पन्नाहून अधिक झाले. युरोपात त्याने शुद्धीकरण कारखाने आणि पेट्रोल पंपांची साखळी विकत घेतली होती. कच्चे तेल स्वस्त झाले तर विहिरीवर जे गेले त्यातील काही पंपावर परत मिळे. शिवाय तेल फार महागले तर ग्राहक देश दुसरी इंधने शोधतील, ही भीती. ज्याच्या जमिनीखाली शंभर वर्षांचा साठा आहे, तो आजच्या भावापेक्षा उद्याच्या गिऱ्हाइकाची काळजी करणारच. इराकला मात्र उद्याची वाट पाहण्याची सवड नव्हती.

याच सुमारास जुनी भांडणेही वर आली. सरहद्दीवरील रुमैला या प्रचंड तेलक्षेत्राचे दक्षिण टोक कुवेतच्या हद्दीत जाते. जमिनीवर रेघ मारता येते, पण तेल रेघ पाळत नाही. विहीर कोणाची आणि तेल कोणाचे हा वाद अशा ठिकाणी अटळ असतो. जुलै १९९० मध्ये परराष्ट्रमंत्री तारिक अझीज यांनी अरब लीगला पाठवलेल्या पत्रात कुवेतने येथून २.४ अब्ज डॉलरचे इराकी तेल उपसल्याचा आरोप केला. बंदराचा प्रश्नही होताच. इराकचा समुद्रकिनारा जेमतेम ५८ किलोमीटर. शत्त-अल-अरबची वाट इराण युद्धात बुडालेल्या जहाजांनी अडलेली, आणि उम्म कस्र बंदराच्या तोंडाशी वरबा व बुबियान ही कुवेतची बेटे.

कुवेत आपलाच प्रांत असल्याचा दावा इराकने १९६१ मध्येही केला होता. पण १९६३ मध्ये त्याने कुवेतला रीतसर मान्यता दिली. म्हणून हा दावा युद्धाचे कारण होता, असे मला वाटत नाही. देणे अंगावर आले तेव्हा पेटीतून काढलेला तो जुना कागद होता.

२७ जुलैला जिनिव्हात ओपेकने आधारभूत भाव १८ वरून २१ डॉलर केला आणि कुवेतनेही कोटा पाळण्याचे कबूल केले. म्हणजे भावाची तक्रार बरीचशी मिटली होती. तरीही सहाच दिवसांत आक्रमण झाले. वाढीव भावाचा पैसा हाती यायला महिने लागणार होते, कर्ज मात्र जागच्या जागी होते. जेद्दाहची बोलणी १ ऑगस्टला फिसकटली.

पुढचा फटका या भांडणाशी संबंध नसलेल्यांना बसला. कुवेतशी आपला व्यवहार जुना. बसऱ्याच्या खजुराची कुवेती गलबते मुंबईस लागत आणि १९६१ पर्यंत तेथे भारतीय रुपयाच चाले. आक्रमणाच्या वेळी तेथे सुमारे पावणेदोन लाख भारतीय होते, त्यांत आपल्या कोकणातील अनेक घरांचे कमावते हात. इराकने कुवेती दिनार आपल्या दिनाराच्या बरोबरीला आणून ठेवला आणि वर्षांची शिल्लक एका हुकुमाने मातीमोल झाली. बसने वाळवंट ओलांडून लोक जॉर्डनला पोहोचले. अम्मानहून मुंबईला ५९ दिवसांत एअर इंडियाच्या ४८८ फेऱ्यांतून एक लाखाहून अधिक माणसे आणली गेली. ऑक्टोबरमध्ये तेल ४० डॉलरवर गेले, तिकडून येणाऱ्या मनीऑर्डरी आटल्या, आणि आधीच तोळामासा असलेली देशाची परकीय गंगाजळी इतकी रोडावली की १९९१ मध्ये सुमारे ४७ टन सोने परदेशी बँकांकडे गहाण पडले.

१७ जानेवारी १९९१ रोजी बहुराष्ट्रीय फौजांचे हल्ले सुरू झाले आणि त्याच दिवशी तेल बॅरलमागे १० डॉलरहून अधिक उतरले. पुरवठा तुटणार नाही हे बाजाराला कळून चुकले होते. माघार घेताना इराकी सैन्याने सहाशेहून अधिक विहिरी पेटवल्या. त्यांतील शेवटची नोव्हेंबरमध्ये विझली.

दहा-बारा अब्जांच्या बाकीवरून सुरू झालेल्या या प्रकरणात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने इराकवर ५२.४ अब्ज डॉलरची भरपाई बसवली. ती तेलाच्या विक्रीतूनच वळती होत राहिली. नोकरी व सामान सोडून परतलेल्यांचे दावे कंपन्यांच्या दाव्यांआधी निकालात काढायचे असा नियम होता, आणि आपल्याकडच्याही अनेकांना ते पैसे मिळाले. शेवटचा हप्ता इराकने जानेवारी २०२२ मध्ये भरला. तो कुवेतलाच गेला.