कुस्कोत पहिल्या दिवशी काहीच करू नका

पेरूला बॅकपॅकिंगला निघालेले बरेच जण विचारतात, "कुस्कोला किती दिवस ठेवू?" माझं उत्तर ठरलेलं आहे: तुमच्या प्लॅनपेक्षा एक दिवस जास्त. का, ते आज सांगतो.

आम्ही चौघं कॉलेजचे मित्र. लिमा समुद्रकाठी आहे, तिथून विमानाने तास-सव्वा तासात कुस्को. पण कुस्को साधारण ३,४०० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे त्याच्या दुपटीहून उंच. आणि तेही पायी न चढता!

आता वर गेल्यावर नेमकं होतं काय? हवेतला ऑक्सिजन तिथेही २१ टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब, समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश. त्यामुळे प्रत्येक श्वासातून मिळणारा ऑक्सिजनही तेवढाच कमी. शरीर आधी श्वास आणि ठोके वाढवून वेळ मारून नेतं, पण नीट जुळवून घ्यायला त्याला काही दिवस लागतात. तुम्ही किती फिट आहात यावर हे ठरत नाही.

आमच्यातला सगळ्यात फिट मित्र, दर रविवारी सह्याद्रीत असणारा, तोच आडवा झाला. पोचलो त्याच दुपारी आम्ही उत्साहात शहराच्या वरच्या साक्सायवामान किल्ल्यावर चढलो. त्याचं डोकं सकाळपासून ठणकत होतं, पण गडी बोलला नाही. रात्री उलट्या, जेवण नाही, झोप नाही. दुसऱ्या दिवशी ट्रेक सुरू होणार होता. तो म्हणाला, "तुम्ही जा रे, मी थांबतो." खरं सांगतो, क्षणभर माझ्याही मनात आलं, जावं.

नाही गेलो. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ऑक्सिजन दिला आणि खाली उतरायला सांगितलं. मग आम्ही ओयांताइताम्बोला गेलो, साधारण २,८०० मीटरवर. दोन दिवसांत गडी ताळ्यावर आला. ट्रेकचे पैसे बुडाले, ते असो.

नंतर परत कुस्कोला आलो आणि या वेळी निवांत फिरलो. तेव्हा कुठे शहर दिसलं. ही इंका साम्राज्याची राजधानी. १५३३ मध्ये स्पॅनिश फौज इथे शिरली आणि इंकांच्या भिंतींवरच त्यांनी आपली चर्च आणि वाडे उभे केले. हातुन रुमियोक गल्लीत बारा कोनांचा एक दगड आहे. शेजारच्या दगडांमध्ये असा बसवलाय की मध्ये चुना नाही, फट नाही.

ही नुसती कारागिरी नाही बरं का. भिंती किंचित आत कललेल्या, दगड एकमेकांत अडकलेले. भूकंपात ते थोडे हलतात आणि पुन्हा जागेवर बसतात. १९५० च्या भूकंपात सांतो दोमिंगोचा मठ बराच कोसळला. त्याच्याखालच्या कोरिकांचा या सूर्यमंदिराच्या भिंती मात्र टिकल्या, उलट ढासळलेल्या भागातून आणखी उघड्या पडल्या.

तर मंडळी, जाताना एवढं लक्षात ठेवा:

• जमल्यास विमानतळावरून थेट खालच्या सेक्रेड व्हॅलीत जा, कुस्को नंतर करा.
• पहिल्या दिवशी आराम, भरपूर पाणी, हलकं जेवण. दारू नको.
• गोळ्या घ्यायच्या असतील तर निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा.
• हॉस्टेलात कोकाच्या पानांचा चहा मिळतो, पेरूत तो कायदेशीर आहे. पण पानं बॅगेत टाकून भारतात आणू नका, इथे तो गुन्हा आहे.
• बसल्या जागी धाप लागली, तोल जायला लागला किंवा कोणी असंबद्ध बोलायला लागलं, तर वाट बघू नका. लगेच खाली उतरा आणि डॉक्टर गाठा.

आणि शेवटचं. आता आमच्या ग्रुपचा नियम आहे: रोज रात्री जेवताना प्रत्येकाला विचारायचं, "डोकं दुखतंय का?" आणि प्लॅन बिघडेल म्हणून कोणी "नाही" म्हणायचं नाही.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर काळजी घ्या!