नसलेली बोटं सैल सोडताना

पाय कापल्यावर फिजिओथेरपीत माणसाला चालायला शिकवतात, असं बाहेरून वाटतं. चालणं पुष्कळ नंतर येतं. त्याआधी अंग सैल सोडायला शिकावं लागतं. जबडा, खांदे, कंबर, मांडी, आणि जो पाय आता उरलेला नाही तोसुद्धा.

मधुमेहात जखम चिघळून डावा पाय गुडघ्याखाली गेलेल्या एका काकांचा व्यायाम मी जवळ बसून पाहत होते. टाके निघाले होते, जखम भरली होती. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी त्यांना उताणं झोपवलं, एक हात छातीवर आणि एक पोटावर ठेवायला सांगितलं. "काका, पोटावरचा हात वर आला पाहिजे, छातीवरचा नको." काका श्वास घेण्यापेक्षा धरूनच ठेवत होते. कळ कधी येईल या धास्तीत असलेला माणूस असाच श्वास घेतो.

मग आवळणं आणि सोडणं. मुठी आवळा, पाच-सात सेकंद धरा, एकदम सोडा, सोडल्यावर काय वाटतं तिकडे लक्ष द्या. ही पद्धत अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांची, त्यावरचं त्यांचं पुस्तक १९२९ सालचं. नुसतं "आराम करा" म्हटल्याने कुणाला आराम पडत नाही. ताण नेमका कुठे आहे हे आधी कळावं लागतं, आणि ते मुद्दाम आवळल्यावर कळतं.

हात झाले, खांदे झाले, मांडी झाली. "आता दोन्ही पायांची बोटं आत वळवा." काका थबकले. "डावी तर वळलेलीच आहेत, ताई. नखं तळव्यात रुततायत."

मॅडमनी वाद घातला नाही. त्यांनी स्टंपवर, म्हणजे पायाच्या उरलेल्या टोकावर, बोटं टेकवली. काकांनी नसलेली बोटं आणखी आवळली तेव्हा कातडीखाली पोटरीचा उरलेला स्नायू टरारून उठताना मला स्पष्ट दिसला. "सोडा दोन्ही." उजवा पाय लगेच सैल पडला. डाव्या बाजूचा स्नायू थरथरत, दोन टप्प्यांत खाली बसला. पुन्हा तेच, पुन्हा तेच.

नसलेल्या पायातल्या या दुखण्याला घरचे सर्रास मनाचे खेळ म्हणतात. मला त्याचा राग येतो. अमेरिकी यादवीतल्या जखमी सैनिकांना तपासणाऱ्या सायलस वेअर मिचेल यांनी १८७१ मध्ये त्याला 'फँटम लिम्ब' हे नाव दिलं. पुढे रिचर्ड शेरमन आणि सहकाऱ्यांनी स्टंपच्या स्नायूंची विद्युत हालचाल मोजली, तर पेटके येण्याआधी तो स्नायू ताठतो असं दिसलं. आग होते तेव्हा मात्र स्टंपमधला रक्तप्रवाह घटलेला आढळला. म्हणून मॅडम आधी विचारतात, "कळ कशी आहे? पेटका येतो की आग होते?" पेटका येत असेल तर आवळण्या-सोडण्याचा व्यायाम जास्त उपयोगी. अर्थात गोळ्या बंद करायच्या नाहीत, आणि शिवणीपाशी एकाच जागी टोचत असेल किंवा लाली, सूज दिसली तर आधी डॉक्टरांना दाखवायचं.

काकांच्या घरी दुसरीच अडचण. बायको प्रेमाने गुडघ्याखाली उशी ठेवते. बरं वाटतं, पण गुडघा आणि खुबा वाकलेल्या स्थितीत आखडत जातात, आणि मग कृत्रिम पाय लावणं अवघड होतं. त्यापेक्षा झेपत असेल तर थोडा वेळ पालथं झोपायचं आणि खुब्याचा पुढचा भाग सैल पडू द्यायचा. मुलाने मॅडमच्या सूचना मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतल्या आहेत, कारण दुखणं रात्री जास्त छळतं. डिस्चार्जच्या कागदावर मात्र ड्रेसिंग आणि गोळ्या एवढंच असतं. या दहा मिनिटांच्या व्यायामाला तिथे एक ओळ मिळायलाच हवी.

अंग सैल सोडण्याची हीच सवय पुढे चालायला शिकताना पॅरलल बारमध्ये, म्हणजे दोन समांतर दांड्यांच्या मध्ये, लागते. कृत्रिम पायाखाली वजनकाटा ठेवून भार द्यायला शिकवतात. दांडे घट्ट धरले, श्वास रोखला, की सगळं वजन हातांवर जातं आणि काटा जागचा हलत नाही. काकांच्या शेजारी सराव करणाऱ्या एका मुलाचं तेच चाललं होतं. "श्वास सोड, मग टेक," मॅडम म्हणाल्या. तिसऱ्या वेळी त्याचे खांदे खाली आले आणि काटा पुढे सरकला.